पन्नास लाखांची वरची रेघ आखलीत, खालची कुठे आहे?

प्रति,
मा. सचिव, इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

'मोठा' समाजमाध्यम मध्यस्थ कोण, हे आपण आयटी नियमांखाली 2021 मध्येच ठरवलेत: ज्याचे भारतात 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत तो. त्याखालचे सगळे मात्र एकाच मापात. चाळीस लाख गिऱ्हाइकांची कंपनी आणि भोपाळच्या अरेरा कॉलनीत पदरचे पैसे घालून शंभर-दीडशे मराठी माणसांसाठी मास्टोडॉन या विकेंद्रित समाजमाध्यमाचा सर्व्हर चालवणारा मी, आपल्या लेखी दोघे सारखेच.

ते माप ऐका. सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश आला की मजकूर काढायला पूर्वी 36 तास होते, फेब्रुवारी 2026 पासून 3 तास. तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची. सायबर सुरक्षा यंत्रणा सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना 6 तासांत कळवायची, लॉग 180 दिवस ठेवायचे. डेटा संरक्षणाचे नियम म्हणतात, वर्षभर ठेवा. डेटा फुटला तर 72 तासांत डेटा संरक्षण मंडळाला तपशील. 18 वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची पडताळलेली संमती. चुकलो तर दंड 250 कोटींपर्यंत.

तीन तास! मी दिवसा नोकरी करतो आणि रात्री झोपतो. पाळीने बसायला माझ्याकडे माणसे नाहीत.

आणि काढायचे तरी काय? माझ्या सभासदाने जर्मनीतल्या सर्व्हरवरच्या कुणाला फॉलो केले की त्याच्या पोस्टी माझ्याकडे येतात, चित्रांची प्रत माझ्या डिस्कवर बसते. जुनी चित्रे वेळच्या वेळी पुसली नाहीत तर डिस्क भरून सगळा सर्व्हर आडवा होतो. उलट, इथली पोस्ट मी काढली तर इतर सर्व्हरना फक्त तसा निरोप जातो. तो पाळायचा की नाही, हे त्यांच्या हाती. हे सर्व्हर ज्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात त्या ॲक्टिव्हिटीपबची रचनाच अशी आहे आणि वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तिला 2018 मध्येच मान्यता दिली आहे. तुमच्या तज्ज्ञांना हे ठाऊक नाही असे मी मानत नाही. ठाऊक असूनही नियमांत त्याबद्दल एक ओळ नाही, याचा मला संताप आहे.

गुंतवणूकदारांचा पैसा असलेल्या ब्लूस्काय या समाजमाध्यमानेही ऑगस्ट 2025 मध्ये वयपडताळणीचा कायदा झेपत नाही म्हणून अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली सेवा थांबवली. मग आमचे काय? तुमच्याच 2020 च्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत गौरवलेले 'कू' हे समाजमाध्यम जुलै 2024 मध्ये बंद पडले आणि तिथे मराठीत लिहिणारे उघड्यावर आले. एका कंपनीबरोबर सगळे बुडू नये म्हणूनच लहान लहान सर्व्हर लागतात, आणि नेमके तेच तुम्ही मारायला निघाला आहात.

न्यायालयाचा आदेश मी पाळणारच. मुलांच्या शोषणाचे चित्र दिसले तर ते काढायला मी कुणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. पण नियम लहानांना झेपतील असे हवेत. सर्ट-इनने 2022 मध्ये छोट्या उद्योगांना 25 सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून दिली होती. म्हणजे लहानांचा विचार तुम्हाला करता येतो. डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 17(5) ने एखाद्या वर्गाला सूट देण्याचा अधिकारही सरकारला दिला आहे. तो वापरा. विनानफा, विनाजाहिरात, ठरावीक सभासदसंख्येखालच्या सर्व्हरांचा वेगळा वर्ग करा, आयटी नियमांत त्यांना 3 ऐवजी 72 तास द्या, आणि बाहेरून आलेल्या प्रतींची जबाबदारी किती, हे लिहून द्या.

डेटा संरक्षणाच्या नियमांतल्या संमतीच्या अटी मे 2027 मध्ये लागू होतात. तोवर सवलतीची अधिसूचना निघाली नाही, तर सभासदांना आपापला डेटा उतरवून घ्यायला सांगून मी सर्व्हर बंद करीन.

एक सर्व्हरचालक,
अरेरा कॉलनी, भोपाळ