वारसा इमारतीचा की अध्यापकांचा?

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली निवृत्त झाले, तेव्हा नागरिकांनी वर्गणी काढून दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. हा निधी अध्यापकांच्या वेतनासाठी होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. काळा घोड्याजवळची एल्फिन्स्टन महाविद्यालयाची देखणी वास्तू त्यानंतर सुमारे सहा दशकांनी उभी राहिली. दादाभाई नौरोजींनी या संस्थेत गणित शिकविले, न्यायमूर्ती रानडे येथेच शिकले आणि बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१२ साली येथून पदवीधर झाले. या तिघांनीही पुढे देशाच्या दारिद्र्याची मीमांसा केली. शिक्षणावरील सार्वजनिक खर्चाचा असा परतावा कोणत्याही वार्षिक अंदाजपत्रकात दिसत नाही.

२०१९ साली हे महाविद्यालय डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचे घटक झाले. दर्जा वाढला, हे स्वागतार्हच. परंतु राज्यातील अनेक महाविद्यालयांत निवृत्त अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि अध्यापन तासिका तत्त्वावर चालते, त्याचे काय? वास्तूची डागडुजी अवश्य व्हावी. मात्र देणगीदारांनी ज्याला अग्रक्रम दिला, त्या अध्यापकपदांची कायम भरती शासनाने आधी करावी.