टेंडर कोणी भरायचे?
‘टेंडर’ हा शब्द लॅटिन ‘टेंडेरे’, म्हणजे ताणणे, पुढे करणे, यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. कोवळ्या अर्थाचा ‘टेंडर’ मात्र लॅटिन ‘टेनेर’चा. कायद्यात देणेकऱ्याने रक्कम रीतसर पुढे करणे म्हणजे टेंडर. ‘लीगल टेंडर’, म्हणजे देणे फेडताना नाकारता न येणारे चलन, त्यातलेच. भारतात 2011च्या नाणे कायद्याने रुपया व त्यावरची नाणी 1000 रुपयांपर्यंतच तशी चालतात. म्हणजे गोणीभर चिल्लर ओतून सावकाराला जेरीस आणण्याची सोय नाही. ठेकेदाराचे टेंडरही अमुक भावात काम करण्याची तयारी पुढे करते. तेव्हा ‘पालिकेचे टेंडर निघाले’ हा प्रयोग उलटाच: पालिका फक्त मागवते, मोहोरबंद पाकिटातला भाव पुढे करतो तो ठेकेदार.