वाळलेलं झाड कुणाचं?



वाळलेलं झाड म्हणजे आपल्याला सरपण, आणि खात्याच्या लेखी टाकाऊ माल. त्यात कोण राहतं, हे दोघंही विचारत नाही.

काळा भुंगा घ्या. घराच्या वाशाला गोल भोक पाडतो, खाली भुसा सांडतो. लोक म्हणतात, लाकूड खातो. खात न्हाई! मादी जबड्यानं वाळकं लाकूड नाहीतर बांबू कोरते, पराग अन् मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते, भुशाची भिंत घालते. मग पुढची खोली. मोहोळासारखी राणी नाही, हजारो कामकरी नाहीत. बहुतेक एकटीचाच संसार. कधी लेकी काही दिवस आईच्याच घरात राहतात. अंगावर येतो तो नर, त्याला नांगीच नसते. तरी आपण भोकात रॉकेल ओततो.

वांग्याचं फूल थरथरवल्याशिवाय नीट पराग सोडत नाही. भुंगा ते धरून अंग थरथरवतो. पोळ्यातल्या माशीला हे जमत नाही. तूर आणि शेवग्याच्या फुलांवरही तो येतो. आपल्या सोलापुरात जंगल थोडकं, माळच जास्त. बाभळीचा वाळका खोड, बांधावरच्या कडुनिंबाची सुकी फांदी, हीच त्याची घरं. सह्याद्रीकडं सातेरी माशी झाडाच्या ढोलीत अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधते. ढोलीला जाळ लावून मध काढला की मोहोळ गेलं, झाडही गेलं. ही चूक खात्याची नाही, आपली आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं माशी न मारता मध काढायचा अभ्यास केला, तो आपणही करावा.

वन हक्क कायदा २००६ नं मध, मेण, बांबू, खुंट यांची मालकी आपल्याला दिली. सरपणाचा हक्क सोडा असं मी म्हणत नाही. बाईच्या मोळीनं जंगल संपत नाही. पण कलम ५ नं जंगल, वन्यजीव, जैवविविधता राखायचा अधिकारही ग्रामसभेला दिलाय. उभी पोकळ झाडं कुठली ठेवायची, हे आपण ठरवलं नाही तर तोडीचा ठेकेदार ठरवील. म्हणून झाडं मोजा, खूण करा, ठरावात लिहा, ठरावाची प्रत खात्याला देऊन पोच घ्या.

फेरी उन्हाळ्यात काढा, पानं झडलेली असतात तेव्हा ढोल्या लांबून दिसतात. सरपणाला जाणाऱ्या बायांना पुढं घाला. कुठलं झाड पोकळ आहे ते त्यांना न बघता सांगता येतं.