डोकं आमचं, मेंदू कुणाचा?

मेंदूच्या ऑपरेशनसाठी वेगळं सरकारी इस्पितळ काढा म्हटलं की शहाणी माणसं हसतात. म्हणतात, झोपडपट्टीत हगवणीची गोळी मिळत नाही आणि तुम्हाला मेंदूचं इस्पितळ हवंय? ही सगळी श्रीमंतांची थेरं!

श्रीमंतांची? दोस्तांनो, डोकी कुणाची फुटतात ते बघा. परांचीवरून कोसळतो तो बिगारी. लोकलच्या दारातून पडतो तो तुमच्या-माझ्यासारखा. गोदीत साखळी निसटते तेव्हा खाली साहेब उभा नसतो.

माझ्या टोळीतला एकजण असाच गेला. हुक कानशिलावर बसला. रक्त थेंबभर. उठला, चहा प्याला, मुकादमाला शिवी हासडली. आम्ही हसलो. दोन तासांनी ओकला, जीभ जड झाली, झोपला. पहिल्या दवाखान्यात रात्री स्कॅन काढायला माणूस नव्हता. दुसऱ्यात खाट नव्हती. तिसऱ्यात आधी डिपॉझिट. पहाटे मेला.

कानशिलाचं हाड पातळ. त्याच्या आतली नस फाटते, कवटीत रक्त साचतं, मेंदू दाबला जातो. माणूस आधी बोलतो, मग झोपतो. वेळेत कवटी उघडून ती गाठ काढली तर असा माणूस पुन्हा कामावर येऊ शकतो. हुकानं त्याला नुसतं पाडलं. मारलं त्या तीन दरवाज्यांनी!

आणि जमत नाही म्हणू नका. वेलूरला डॉ. जेकब चँडींनी १९४९ साली देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग उघडला. तेव्हा सीटी स्कॅन नव्हतंच. ते यंत्र पहिल्या पेशंटवर चाललं १९७१ साली, लंडनला. १९७४ साली बंगलोरला निमहान्स उभं राहिलं, मेंदू आणि मनाच्या आजारांसाठी, सरकारी पैशानं. मुंबईत केईएम, सायन, जेजेत मेंदूचे विभाग आहेत, डॉक्टर मरमर राबतात. पण एका विभागाच्या खाटांत किती फुटकी डोकी मावणार?

म्हणून मागणी सरळ आहे. फक्त मेंदूचं सरकारी इस्पितळ. कामगार वस्तीत. रात्रभर चालणारं स्कॅन, जागा सर्जन, डिपॉझिट बंद. आणि वाचलेल्याला पुन्हा चालायला-बोलायला शिकवणारा वॉर्ड.

आमचं डोकं त्यांना ओझं ठेवण्यापुरतंच ठाऊक आहे. त्याच्या आत मेंदू आहे. चला, सांगायला जाऊ. सगळ्या पाळ्यांनी मिळून.