नव्वद दिवसांची टांगती तलवार

राजकीय भाष्य करणाऱ्या यूट्यूबरला शिवीगाळ आणि खटले नवे नाहीत. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या कॉमेडी स्टुडिओची तोडफोड झाली. स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामराचा राजकीय टीकेचा व्हिडिओ तिथे चित्रित झाला होता, एवढाच त्या जागेचा गुन्हा. पण रोजची धास्ती असते ती यूट्यूबकडून येणाऱ्या कॉपीराइट स्ट्राइकच्या, म्हणजे हक्कभंगाच्या तक्रारीवरून मिळणाऱ्या इशाऱ्याच्या, ईमेलची. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक बसले, की यूट्यूब अख्खं चॅनेल बंद करू शकतं. मंत्र्याच्या भाषणाची चिरफाड करायची तर भाषण दाखवावं लागतं, आणि ते चित्रण बहुधा कुणातरी वृत्तसंस्थेच्या मालकीचं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका-समीक्षेसाठी अशा वापराला मुभा देतं. किती सेकंद, ते मात्र सांगत नाही. ते न्यायालय ठरवणार, आपल्या सवडीने. तोवर चॅनेल तगायला हवं ना! मग कुणी परवान्याचे पैसे भरतं, कुणी व्हिडिओ मुकाट काढून टाकतं, आणि कुणी (आम्हाला हेच जास्त खुपतं) तो विषयच सोडून देतं. काढलेल्या व्हिडिओची निदान चर्चा तरी होते. कधी केलाच नाही त्याची कोण करणार? या अंकात काही मराठी चॅनेलवाल्यांना आम्ही त्याबद्दलच बोलतं केलंय. काहींनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून छापलेलं नाही.