मान दुखली होती का?

एका बाजूचे हातपाय अचानक लुळे पडले की आपण पक्षाघात म्हणतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. पण मानेच्या मणक्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर रक्त साचले तरी हेच दिसते. फरक बारीक आहे: आधी मानेत किंवा खांद्यात एकाएकी जोराची कळ येते, पण तोंड वाकडे होत नाही, बोलणे अडखळत नाही. मेंदूचा सीटी स्कॅन मात्र दोन्हींत निर्दोष येऊ शकतो. मानेत रक्त साचलेल्या रुग्णाला पक्षाघातावर साडेचार तासांच्या आत द्यायचे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर रक्तस्राव वाढून कायमचे अपंगत्व येऊ शकते.

एवढ्या दुर्मीळ आजारासाठी पक्षाघाताच्या उपचारात वेळ का दवडायचा, हा आक्षेप रास्त आहे. मात्र मानेबद्दल विचारायला आणि चेहरा निरखायला मिनिटही लागत नाही, आणि मानेचा एमआरआय फक्त संशयितांचाच करायचा आहे. मज्जारज्जूवरचा दाब शस्त्रक्रियेने लवकर काढला, शक्यतो पहिल्या बारा तासांत, तर हातपाय पूर्ववत होण्याची आशा अधिक. या बारा तासांत प्रवासही धरावा लागतो: रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. रुग्णाला तिकडे हलवायचे असेल, तर मानदुखी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नोंद १०८ रुग्णवाहिकेतच व्हायला हवी.