टपालाचा ठेका आणि नशिराबादचा हिशेब

‘वकीलसाहेब, नशिराबादेत टपालाची फ्रँचायजी टाकली तर चालेल काय?’ असा प्रश्न बेरोजगार तरुण विचारतात. प्रश्न पोटाचा आहे. म्हणून उत्तर भावनेने नव्हे, आकड्यांनी दिले पाहिजे.

नशिराबादचा पिनकोड 425309. म्हणजे खात्याचे कार्यालय गावात आहेच. दुसरे मिळेल काय? ग्रामीण भागात खर्चाच्या एक तृतीयांश उत्पन्न असले तरी शाखा डाकघर देता येते. उरलेला तोटा सरकार सोसते. शहरी निकषात मात्र सुरुवातीपासून तोटा चालत नाही आणि दोन कार्यालयांत 2 किलोमीटर अंतर लागते. गाव नगरपरिषदेचे झाले, पण शहराचा निकष लावला तर दुसऱ्या कार्यालयाची वाट अधिकच बिकट! मग उरते ती फ्रँचायजी.

तिचा हिशेब मांडू. 2019 च्या योजनेत अनामत 5,000 रुपये होती. स्पीड पोस्टमागे 5 रुपये आणि तिकीटविक्रीवर 5 टक्के कमिशन होते. समजा, रोज 30 स्पीड पोस्ट आले. दिवसाला 150 रुपये, 25 दिवसांचे 3,750. यातून दुकानभाडे, वीज आणि मुलाचा पगार निघेल काय? मुळीच नाही. झेरॉक्सचे, ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान आधीच असेल तर ही जोडकमाई ठीक. पण केवळ टपालावर घर चालणार नाही. आजचे दर खात्याकडून लेखी घ्यावेत. जाहिरात पाहून कोणाच्या हाती पैसे देऊ नयेत.

लोकांची सोय होईल, हे खरे. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तरी पाठविल्याच्या पावतीचे मोल कमी झालेले नाही. शेतमजुराने मालकाला, भाडेकरूने घरमालकाला नोटीस दिली, हे कोर्टात त्या पावतीवरच उभे राहते. ती पावती गावातच मिळाली तर मजुराचा जळगावचा खेटा आणि एक दिवसाची मजुरी वाचते.

परंतु फ्रँचायजी टपाल फक्त स्वीकारते. घरोघर वाटण्याचे काम खात्याचेच राहते. आणि मुख्य मुद्दा वेगळाच आहे. पोस्टमन, टपाल सहायक, ग्रामीण डाकसेवक यांच्या भरतीत आरक्षण आहे. फ्रँचायजी हा करार आहे, नेमणूक नव्हे. घटनेचे कलम 16(4) तेथे पोचत नाही. ज्याच्याकडे चौकातला गाळा, त्याच्याकडे काउंटर! गावकुसाबाहेरच्यांकडे गाळा कुठून येणार?

म्हणून ज्याचे दुकान आहे त्याने जरूर अर्ज करावा. समाजाने मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये. खात्याच्या कार्यालयात पुरेसे कर्मचारी आणि जादा वेळ द्यावा, रिक्त जागा आरक्षणासह भराव्यात, ही मागणी लावून धरावी. त्यासाठी महिनाभर गावातून किती टपाल जाते, कोणाला जळगाव गाठावे लागते, याची नोंद कार्यकर्त्यांनी ठेवावी आणि ती निवेदनाला जोडावी. आकड्यांसह दिलेले निवेदन टोपलीत टाकणे अधिकाऱ्यालाही जड जाते.